चार घासांनंतरचं पोट

डॉक्टरच्या तोंडून ‘काही नाही’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. काही नाही म्हणजे नेमकं काय नाही? तुम्हाला दिसलं नाही, की तिला दुखत नाही? या दोन गोष्टी एकच समजणारी माणसं खुर्चीत बसून तेवढं बोलतात, पुढच्या पेशंटला हाक मारतात, आणि त्यांच्या त्या दोन शब्दांवर एखाद्या बाईचा संसार मोडायची वेळ येते. आमच्या घरात ती आली होती. मला त्याचा अजून राग आहे आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

हे सगळं माझ्या धाकट्या भावाच्या बायकोच्या पोटाबद्दल आहे. भाऊ माजरीला कोळसा खाणीत नोकरीला आहे, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहतो. आई त्याच्याजवळ असते. मी घुग्घुसला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमचं मूळ गाव नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. भाऊ नागभीडला आयटीआय करत होता तेव्हा त्याची हिच्याशी ओळख झाली. ती ढिवरांची मुलगी, तलावावर मासे मारणाऱ्या घरातली. आम्ही बौद्ध. दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली आणि मग लग्न झालं. लग्नात सगळ्यात जास्त नाचली ती माझी आई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी आईला खाष्ट सासू ठरवून मोकळं होईल आणि तेही मला चालणार नाही.

आमच्या घरी जेवण एकदाच आणि पोटभर. भाऊ कुठल्याही पाळीला निघो, निघताना ताटभर भात खाऊनच निघतो, कारण खाणीवर मधे कधी खायला मिळेल याचा भरवसा नसतो. बाबाही तसेच जेवून कामावर जायचे. आईने जन्मभर याच अंदाजाने वाढलं. भाताचा ढीग, मधे खळगा, त्यात वरण, बाजूला भाजी, आणि कुणी ‘बस’ म्हणालं की वरून आणखी एक उलथनं.

नवी सून पहिल्या दिवशी त्या ढिगापुढे बसली. चार घास तिने चवीने खाल्ले. मग हात थांबला. ताट बोटांनी थोडं पुढे सरकवून ती म्हणाली, “पोट भरलं, आई.”

आईने तेव्हा काही म्हटलं नाही. नवी आहे, लाजत असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. चार घास, थांबलेला हात, सरकवलेलं ताट. आई खरकटं गाईला घालायची आणि गप्प राहायची. आमची आई गप्प राहिली की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

एका रविवारी मी माजरीला गेले तेव्हा ते बाहेर पडलं. सून मागे कपडे वाळत घालत होती. आई हळू आवाजात म्हणाली, “तिले माह्या हातचं चालत नाई.”

“काहीतरीच काय बोलतेस आई. तिनं आपल्या घरात लग्न केलंय.”

“लगन पोराशी केलं. जेवन माह्या हातचं हाये.”

मी भांडले. खूप भांडले. पण भांडताना आतून मला कळत होतं की आई हे कुठून बोलते आहे. लहानपणी ती दुसऱ्याच्या बांधीत निंदायला जायची, तेव्हा तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. पुढे दिवस बदलले. बाबांना नोकरी लागली, घरात कपबशा आल्या, आणि गावातली मोठ्या घरची माणसं कामानिमित्त आमच्या ओसरीवर येऊ लागली. आई चहा ठेवायची. ती माणसं कपाला हात लावायची नाहीत. तोंड वाईट करायचे दिवसही संपले होते, त्यामुळे अगदी गोड बोलायची. पोटावर हात फिरवून म्हणायची, “नको बाई, पोट भरलं हाये.” ते कप आई आत नेऊन मोरीत ओतायची. मी पाहिलेलं आहे. ‘पोट भरलं’ या शब्दांचा अर्थ आमच्या घरात पोटाशी कधी जोडलेलाच नव्हता. आणि आता तेच शब्द तिची स्वतःची सून, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, रोज बोलत होती.

त्यात भावाने तेल ओतलं. आईने त्याला विचारलं, “तिच्या मायच्या घरी खाते का थे?” हा शहाणा म्हणाला, “तिथी त’ दिवसभर तिच्या हातात वाटी असते.” त्याने जे पाहिलं होतं ते सांगितलं, खोटं बोलला नाही. पण दोन वाक्यं पुढे बोलायला काय जातं या माणसांचं?

बुद्धपौर्णिमेला घरी नातेवाईक जमले. आईने खीर केली होती. वंदना झाली, पंगत बसली आणि आईने सुनेचं ताट स्वतः वाढलं. नेहमीपेक्षा जास्त वाढलं. भात, वरण, भाजी, वडे आणि खिरीची मोठी वाटी. वाढून ती समोरच बसली. मावश्या, आत्या सगळ्या बघत होत्या. ही परीक्षा आहे हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं, आणि जिची परीक्षा होती तिलाही. तिने मान खाली घालून सगळं खाल्लं. एक शीत ठेवलं नाही. वाटी तिरकी करून खिरीचा शेवटचा घोटही घेतला. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा सैल झाला, आणि सुनेच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब आले.

थोड्या वेळाने ती मागच्या खोलीत जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली सापडली. ओठ पांढरे पडले होते. बोलता येत नव्हतं. ओकारीची उबळ येत होती, पण ओकारी होत नव्हती. आम्ही तिला गाडीत घालून चंद्रपूरला एका खाजगी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरने विचारलं, “कुठे दुखतं? एका बोटाने दाखव.” तिने सगळा तळहात पोटाच्या वरच्या भागावर ठेवला, मग तो पाठीकडे नेला. डॉक्टर हसला. नेमकं दाखवता येत नाही म्हणजे दुखणंच नेमकं नाही, असा त्याचा हिशेब. सोनोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशी घशातून दुर्बीण घातली. आतून एक बारीक तुकडाही तपासायला काढला. तो काढताना तिला काही कळलंही नाही. सगळं बघून झाल्यावर त्याने निकाल दिला. “काही नाही. पोट एकदम चांगलं आहे. टेन्शन घेते ही. घरात काही भांडणं वगैरे?” आणि आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. “मन रमवा हिचं.”

मन रमवा. जसं काही तिचं मन पोटात चार घासांच्या खाली दबलं होतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, “पाह्य, मशीनबी म्हनते काई नाई.” आता तिच्याकडे साक्षीदार होता, आणि तोही आत डोकावून आलेला. आजार नाही, म्हणजे ढोंग. ढोंग, म्हणजे आपल्या हातचं नको. नातेवाईकांनी फोनवरून आपापली भर घातली. शेवटी ठरलं की तिला काही दिवस माहेरी ठेवावं. ‘काही दिवस’ या शब्दांचाही मला भरपूर अनुभव आहे. आमच्या ओळखीतल्या दोन मुली अशा काही दिवसांसाठी गेल्या आणि अजून माहेरीच धान निवडत बसल्या आहेत. भावाने विरोध केला नाही. “राहू दे थोडे दिवस, वातावरन शांत होते,” म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

निघायच्या आधी तिला चार दिवस मी घुग्घुसला माझ्याकडे आणलं. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहून तिने मला विचारलं, “बाई, मी खरंच नाटक करून राह्यली का हो?”

ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. दुखणं बाजूलाच राहिलं, आता तिला स्वतःच्या पोटाचीही साक्ष खरी वाटेना. माणसाला इतकं एकटं पाडायला फार काही लागत नाही. एक डॉक्टर आणि घरची माणसं पुरतात.

मी तिला नागपूरला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई काही फार गोड नव्हत्या, घड्याळाकडे बघतच बोलत होत्या. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती घासांनंतर?”

हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मीही नाही. ती म्हणाली, “चार-पाच. मंग वर ताणल्यासारखं होते, आनि आनखी खाल्लं का दुखते.” दुसरा प्रश्न, “कधीपासून?” लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात तिला हगवण लागली होती, सलाईन चढवावं लागलं होतं. तेव्हापासून. बाईंनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं.

मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि घरी येऊन मी त्यावर आणखी वाचलं. जठराचा वरचा भाग अन्न येऊ लागलं की सैल होतो, येणाऱ्यासाठी जागा करतो. त्याच्या स्नायूंच्या थरांमध्ये नसांची बारीक टोकं पसरलेली असतात. भिंत ताणली गेली की ती टोकं जागी होतात. काही नसा मेंदूच्या तळाशी निरोप नेतात की भरत आलंय, आता पुरे. तेच आपलं पोट भरणं. दुसऱ्या नसा पाठीच्या कण्याकडे जातात आणि ताण फार झाला की त्या दुखण्याचा निरोप नेतात. जठराला चिमटा काढा, तुकडा काढा, त्याला पत्ता लागत नाही. ताण मात्र बरोबर कळतो. म्हणूनच तुकडा काढताना तिला काही वाटलं नव्हतं आणि वाटीभर खीर मात्र जिवावर आली. अशा नसा थोड्या असतात, विरळ असतात, म्हणून दुखणं बोटाने दाखवता येत नाही. तळहातच ठेवावा लागतो. ज्या खुणेवरून त्या चंद्रपूरच्या डॉक्टरने तिला खोटं ठरवलं, तीच खूण खरी होती.

कधीकधी मोठी हगवण होऊन गेली की या नसा हळव्या होऊन बसतात. जठर नीट सैल होत नाही, आणि तुमच्या-माझ्या पोटाला जो ताण जाणवतही नाही तो तिच्या नसांना दुखणं म्हणून कळतो. दुर्बिणीला आतली कातडी दिसते. नस किती हळवी झाली आहे ते दिसत नाही. बाईंनी कमी ताकदीची एक गोळी लिहून दिली, थोडं थोडं आणि पुष्कळ वेळा खायला सांगितलं. कमी होईल म्हणाल्या, वेळ लागेल.

मी वर्षानुवर्षं मुलांना पचनसंस्था शिकवते. जठररस, विकरं, आम्ल, सगळं आकृतीसकट. जठराला काही कळतं, ते ताण ओळखतं, दुखणं ओळखतं, यावर त्या धड्यात एक ओळ नाही. पोट म्हणजे एक पिशवी, त्यात रस मिसळतात, झालं. आमच्या हातून शिकलेली मुलं पुढे डॉक्टर होतात आणि पिशवी फाटलेली नाही ना एवढं बघून ‘काही नाही’ म्हणतात. मला त्या डॉक्टरचा राग येतो तसा त्या धड्याचाही येतो.

माजरीला जाऊन मी आईला सगळं सांगितलं. फुगा फुगवून दाखवला, हवा कमी-जास्त केली. तेवढ्यात खाणीवर दुपारचा नेहमीचा सुरुंग उडाला, खिडकीच्या काचा थरथरल्या. आई काचांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “नसा-फिसा मले नको सांगू. थ्या नसा तिच्या मायच्या घरी झोपून राह्यते का?”

तलावावरच्या त्या वाटीने माझा सगळा अभ्यास एका वाक्यात झोपवला.

सुनेला पोचवायला भाड्याची गाडी केली. भाऊ ड्युटीचं कारण सांगून आला नाही. सुट्टी मिळत नव्हती असं नाही. आई आली, कारण तिला सुनेच्या आईला तोंडावर विचारायचं होतं. मी आले, कारण आईला एकटं जाऊ देणं धोक्याचं होतं. सुनेची बॅग डिकीत होती. तिने तिचे सगळे कपडे भरलेले मी पाहिले होते, हिवाळ्याचे स्वेटरसुद्धा.

तिच्या माहेरचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. अंगणात जाळी वाळत होती. पडवीच्या कोपऱ्यात तांदळाच्या पेजेचा मोठा गंज, म्हणजे खोल पातेलं, त्यावर झाकण, बाजूला वाट्या. कुणी पाण्यातून वर आलं की वाटीभर पेज पिऊन परत जायचं. कुणी जाळं सोडवता सोडवता प्यायचं. भरल्या पोटाने पाण्यात उतरता येत नाही, म्हणून दिवसा पंगत मांडून त्या घरात कुणी जेवतच नाही. दिवसभर वाटी कुणाच्या ना कुणाच्या हातात असते. आईने त्या गंजाकडे पाहिलं, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं.

पाहुणे आले म्हणून सुनेच्या आईने मात्र पंगत मांडली. भात आणि मरळीचा रस्सा. आम्हाला वाढलं, लेकीला वाढलं, आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्या आईच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली. लेकीचं ताट तिने भरभरून वाढलं होतं. कुठली आई पाहुण्यांसमोर लेकीला कमी वाढेल? माझी आई जेवत नव्हती. ती सुनेच्या हाताकडे बघत होती.

पहिला घास. दुसरा. तिसरा. चौथा. हात थांबला. ताट बोटांनी थोडं पुढे सरकलं.

“पोट भरलं, माय.”

तेच शब्द, तीच बोटं. तिच्या जन्मदात्या आईच्या हातचं ताट, तिच्याच तलावातला मासा.

आईचा घास तसाच हातात राहिला. तिने विचारलं, “इथीबी?”

“बिमार पडली तवापासून असंच हाये बाई,” सुनेची आई म्हणाली. “वाटी वाटी देतो आमी. ताट नाई जमत तिले.”

“मंग आमाले काऊन नाई सांगतलं?”

“काय सांगू? आधीच दुसऱ्या जातीतली पोरगी तुमी घरात घेतली. वरून बिमार पोरगी गळ्यात मारली म्हनाल, असं वाटलं.”

मला दोघींवर ओरडावंसं वाटलं. एकीने जातीच्या भीतीने लपवलं, दुसरीने जातीच्या जखमेने ओळखलं नाही, आणि दोघींच्या मधे ही पोरगी महिनोन्‌महिने दुखणं गिळत बसली. जात पाळणारे कुठेतरी मजेत जेवत असतील. त्यांनी आमच्या मनात काय पेरून ठेवलंय याचा त्यांना पत्ताही नसेल. पण मी ओरडले नाही, कारण तेवढ्यात आई सुनेकडे वळली होती.

“दुखते का?”

लग्नानंतर पहिल्यांदा सासरच्या कुणीतरी तिला हा प्रश्न सरळ विचारला. सुनेने वर पाहिलं नाही.

“हो.”

“आता बी?”

“आता नाई. याच्यावर खाल्लं त’ दुखते.”

“मंग ठेव.”

असं म्हणून आईने ते ताट स्वतःकडे ओढलं आणि त्यातला भात कालवायला लागली. सुनेची आई गडबडली. “अवं बाई, उष्टं हाये थे. मी दुसरं वाढतो ना.” आईने मान हलवली आणि घास घेतला. ती सावकाश जेवली. काटे बाजूला काढून ठेवले, शेवटचं शीतसुद्धा बोटाने टिपून घेतलं. मोरीत ओतलेले ते सगळे कप मला तेव्हा आठवत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं, रागाचंच.

मग आई उठली, हात धुतले, पदराला पुसले. गाडीवाला अंगणात विचारत उभा होता की डिकी उघडू का. आईने त्याच्याकडे न बघता मला सांगितलं, “बॅग नको काढू म्हन त्याले.”